सारथ्याची पारख : ज्येष्ठांसाठी ‘लाइफ कोच’ निवडताना

नागपुरातील धरमपेठ, लक्ष्मीनगर, नंदनवन यांसारख्या जुन्या वसाहतींत ऐसपैस घरे आजही पुष्कळ आहेत. अंगणात एखादे आंब्याचे झाड असते, फाटकावर नावाची पाटी असते आणि आत बहुधा दोनच माणसे राहतात. कित्येक घरांत तर एकच. रेल्वे, महालेखापाल कार्यालय, वीज मंडळ, विद्यापीठ, वेस्टर्न कोलफिल्ड्स अशा ठिकाणी तीस-पस्तीस वर्षे नोकरी करून निवृत्त झालेली ही पिढी. मुले पुण्याला, बंगळूरला, हैदराबादला किंवा परदेशी. निवृत्तिवेतन वेळेवर जमा होते, रक्तदाबाच्या गोळ्या सुरू असतात, तपासण्यांचे अहवाल बरे असतात. तरीही सकाळचे वर्तमानपत्र वाचून झाले की पुढचा दिवस अंगावर येतो. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर गेला की घराबाहेर पडणेही थांबते आणि भिंतींकडे पाहण्याचे तास आणखी वाढतात.

अशा वेळी दूरवरची मुले काळजीपोटी उपाय शोधू लागतात. त्या शोधात अलीकडे एक नवा शब्द भेटतो : ‘लाइफ कोच’. आपल्यापैकी काहींनी जाहिरातीत हा शब्द वाचला असेल, काहींच्या मुलांनी परस्पर चौकशीही केली असेल. हा माणूस नेमके काय करतो, त्याचा उपयोग कोणास होतो, आणि दारात आलेल्या अशा व्यक्तीची पारख कशी करावी, याचा शांतपणे विचार करणे आवश्यक आहे. पैशाचा प्रश्न तर आहेच. पण चुकीच्या निवडीमुळे खऱ्या आजाराच्या उपचाराला उशीर होऊ शकतो, हा धोका त्याहून मोठा आहे.

कोच म्हणजे कोण?

‘कोच’ या शब्दाचे मूळ हंगेरीतील कोच नावाच्या गावाशी जोडले जाते. तेथे पंधराव्या शतकात उत्तम घोडागाड्या तयार होत. पुढे १८३० च्या सुमारास ऑक्सफर्डचे विद्यार्थी परीक्षेतून पार नेणाऱ्या शिकवणीच्या मास्तरांना थट्टेने ‘कोच’ म्हणू लागले. तेथून हा शब्द क्रीडांगणावर गेला. आयुष्याच्या प्रश्नांसाठी कोच ही कल्पना मात्र बरीच अलीकडची. अमेरिकेत आर्थिक नियोजनाचा सल्ला देणारे थॉमस लिओनार्ड यांच्या ध्यानात आले, की लोकांना पैशाच्या हिशेबाइतकीच पुढच्या आयुष्याच्या आखणीत सोबत हवी असते. त्यांच्याच पुढाकाराने १९९५ मध्ये इंटरनॅशनल कोच फेडरेशन ही संस्था स्थापन झाली.

आपल्याकडे यासाठी ‘सारथी’ हा शब्द अधिक जवळचा वाटावा. कोठे जायचे हे रथात बसलेला ठरवतो. सारथी वाट, वेग आणि वळणे सांभाळतो. चांगला लाइफ कोच आपल्या आयुष्याचे निर्णय घेत नाही. तो प्रश्न विचारतो, आपले म्हणणे लक्षपूर्वक ऐकतो, विखुरलेल्या इच्छांना लहान आणि शक्य अशा कृतींचे रूप देण्यास साहाय्य करतो आणि पुढच्या भेटीत त्या कृतींचे काय झाले याची विचारपूस करतो. तो औषध देत नाही, निदान करत नाही.

उतारवयात उपयोग कोठे होतो?

पहिला उपयोग निवृत्तीनंतरच्या दिवसाला आकार देण्यात होतो. नोकरी संपते तेव्हा वेतनाबरोबर दिवसाची चौकट, सहकाऱ्यांच्या गप्पा आणि ‘साहेब’ किंवा ‘बाई’ म्हणून मिळणारी ओळखही जाते. गृहिणींच्या बाबतीत हीच पोकळी सून किंवा स्वयंपाकीण घरात आल्यावर, किंवा मुले दूर गेल्यावर जाणवते. रिकामा झालेला वेळ कशाने भरावा यापेक्षा ‘आता मी कोणासाठी उपयोगाचा?’ हा प्रश्न अधिक सलतो.

येथे पॉल आणि मार्ग्रेट बाल्टेस या जर्मन मानसशास्त्रज्ञ दांपत्याने मांडलेला विचार उपयोगी पडतो. यशस्वी वार्धक्याची त्यांनी तीन अंगे सांगितली : निवड, जोपासना आणि भरपाई. प्रसिद्ध पियानोवादक आर्थर रुबिनस्टाइन यांचे उदाहरण ते देत असत. ऐंशीच्या घरातही आपण उत्तम कसे वाजवता, असे विचारल्यावर रुबिनस्टाइन यांनी सांगितले होते की ते आता कमी रचना निवडतात, त्यांचा सराव अधिक करतात, आणि द्रुत भाग येण्यापूर्वीचा भाग मुद्दाम संथ वाजवतात, म्हणजे पुढचा भाग वेगवान भासतो. आपल्या आयुष्यात याचा अर्थ असा : दहा गोष्टींचा हव्यास सोडून दोन निवडाव्यात, त्यांना भरपूर वेळ द्यावा, आणि जे शरीराला जमत नाही त्यासाठी काठी, श्रवणयंत्र, रिक्षा, शेजारी अशी भरपाई निःसंकोच स्वीकारावी. ही निवड एकट्याने करणे कठीण जाते. तेथे जाणता सोबती उपयोगी ठरतो.

दुसरा उपयोग विचारांच्या सवयी तपासण्यात होतो. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ मध्ये मांडलेल्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीचे सूत्र असे, की केवळ घटना माणसाला अस्वस्थ करत नाही. त्या घटनेविषयीचा त्याचा हट्टी आग्रह त्याला अधिक छळतो. महाराष्ट्रात हा विचार रुजवण्याचे मोठे कार्य कि. मो. फडके यांनी केले, डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये ठाण्यात सुरू केलेल्या इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ या संस्थेमुळे तो अनेक मराठी घरांपर्यंत पोहोचला. ‘मुलाने रोज फोन केलाच पाहिजे’ या वाक्यातील ‘च’ काढून पाहावा. ‘त्याने फोन केला तर मला फार बरे वाटेल’ असे म्हटल्यावर इच्छा तितकीच राहते, पण फोन न आलेल्या दिवशी संध्याकाळ उद्ध्वस्त होत नाही. या पद्धतीचे रीतसर शिक्षण घेतलेला मार्गदर्शक असा बदल घडवण्यास मदत करू शकतो.

तिसरा उपयोग घरातील सेवेकऱ्याला होतो, आणि त्याचाच विचार सर्वांत कमी केला जातो. पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेल्या पतीची सेवा करणारी सत्तरीची पत्नी, सासूबाईंचा स्मृतिभ्रंश सांभाळत नोकरी करणारी सून, आईसाठी लग्न लांबणीवर टाकणारा मुलगा. यांना ‘तुमची प्रकृती कशी आहे?’ असे कोणी विचारत नाही. आठवड्यातून दोन तास कोणाला घरी बसवता येईल, कोणते काम दुसऱ्याकडे सोपवता येईल, नातेवाइकांकडे नेमकी मदत कशी मागावी, याची आखणी करण्यास तटस्थ माणूस उपयोगी पडतो. नातलग सल्ला देतात तेव्हा त्यात अनेकदा अपेक्षा किंवा दोषारोप मिसळलेला असतो.

या क्षेत्रातील पुराव्याविषयीही प्रामाणिक असावे. नेदरलँड्समधील संशोधकांनी २०१४ मध्ये अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले, तेव्हा कोचिंगमुळे मनःस्वास्थ्य, अडचणींना तोंड देण्याची क्षमता आणि ध्येयाच्या दिशेने वाटचाल यांत सुधारणा दिसली. मात्र ते अभ्यास नोकरीतील, कार्यक्षम वयाच्या व्यक्तींवरील होते. म्हणून ज्येष्ठांना हमखास लाभ होईल, असे छातीठोकपणे सांगणाऱ्याकडे सावधपणे पाहावे.

एक बैठक कशी असते?

समजा, पत्नीच्या निधनानंतर आठ महिन्यांनी एक निवृत्त अभियंता अशा मार्गदर्शकाला भेटतात. संवाद साधारण असा होईल :

“काका, पुढच्या महिन्यात कोणती एक गोष्ट बदललेली आपल्याला आवडेल?”

“संध्याकाळ. सहा ते नऊ घर खायला उठतं.”

“पूर्वी त्या वेळात आपण काय करत होता?”

“ही भाजी निवडायची, मी वाचून दाखवायचो. आता कोणाला वाचून दाखवू?”

“वाचायला अजून आवडतं?”

“आवडतं. पण पुस्तकं आणायला जाणंच होत नाही.”

येथे उतावळा सल्लागार ‘मन रमवा, सिनेमा पाहा’ असे सांगून मोकळा होईल. चांगला मार्गदर्शक ‘वाचून दाखवणे’ हा धागा पकडेल. शेजारच्या मुलांना आठवड्यातून दोनदा गोष्ट वाचून दाखवता येईल का? दृष्टी मंदावलेल्या एखाद्या स्नेह्याला वर्तमानपत्र वाचून दाखवता येईल का? झाशी राणी चौकातील विदर्भ साहित्य संघाच्या एखाद्या कार्यक्रमाला मेट्रोने जाता येईल का? मग त्यांपैकी एकच गोष्ट निवडली जाते आणि तिला वेळेशी बांधले जाते : ‘मंगळवारी साडेपाचचा चहा झाला, की मी चप्पल घालून शेजारी जाईन.’ ‘अमुक झाले की तमुक करीन’ अशी नेमकी जोडणी केल्यास संकल्प पार पडण्याची शक्यता वाढते, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलवित्झर यांच्या संशोधनातून पुढे आले आहे.

या संवादात दुःख पुसून टाकण्याची घाई नाही, हेही ध्यानात घ्यावे. गतायुष्याकडे मागे वळून पाहणे, आठवणी पुन्हा पुन्हा सांगणे हे म्हातारपणाचे खूळ नसून आयुष्याचा हिशेब जुळवण्याची स्वाभाविक प्रक्रिया आहे, असे अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी १९६३ मध्येच मांडले होते.

आधी डॉक्टर, मग कोच

कोणत्याही मार्गदर्शकाची वेळ घेण्यापूर्वी एक प्रश्न सोडवणे अनिवार्य आहे : ही केवळ पोकळी आहे की आजार? सलग दोन आठवडे किंवा अधिक काळ मन उदास असणे, आवडीच्या गोष्टींतूनही आनंद न मिळणे, झोप व भूक बिघडणे, वजन घटणे, ‘मी सर्वांना ओझे झालो’ असे वारंवार म्हणणे ही नैराश्याची लक्षणे असू शकतात. तारीख, वार, ओळखीच्या वाटा विसरणे, पैशाचे व्यवहार चुकणे, स्वभाव अचानक पालटणे ही स्मृतिभ्रंशाची सुरुवात असू शकते. थायरॉइडची कमतरता, जीवनसत्त्व बी-१२ ची उणीव, रक्तातील सोडियम कमी होणे, काही औषधांचे दुष्परिणाम किंवा साधे ऐकू न येणे यांमुळेही माणूस एकलकोंडा आणि मंद भासू लागतो. या सर्वांवर वैद्यकीय उपाय आहेत आणि ते वेळेवर व्हावे लागतात.

भारतातील ज्येष्ठांचा २०१७-१८ मध्ये जो मोठा राष्ट्रीय अभ्यास झाला, त्यात साठीपुढील सुमारे ८ टक्के व्यक्तींमध्ये तीव्र नैराश्याची लक्षणे आढळली. परंतु डॉक्टरांनी तसे निदान केल्याचे सांगणारे एक टक्काही नव्हते. म्हणजे बहुतेकांचा आजार ‘वयाचा परिणाम’ म्हणून घरातच राहून जातो. त्यात आजार न ओळखणारा कोच भेटला, तर आणखी सहा महिने वाया जातात.

आधी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जाऊन तपासण्या करून घ्याव्यात. गरज भासल्यास मनोविकारतज्ज्ञाची भेट घ्यावी. नागपुरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे आपले ‘मेडिकल’, तसेच मिहानमधील एम्स आणि प्रादेशिक मनोरुग्णालय येथे ही सेवा उपलब्ध आहे. ‘टेलि-मानस’ या शासकीय दूरध्वनी सेवेवर १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र, विनामूल्य, मराठीतूनही बोलता येते. मरणाचे विचार येत असतील, तर कोचची वाट पाहू नये. त्याच दिवशी डॉक्टरांना किंवा या क्रमांकावर सांगावे आणि घरातील व्यक्तीने ज्येष्ठांना एकटे सोडू नये.

पदव्यांचा अर्थ समजून घ्या

मनोविकारतज्ज्ञ हा वैद्यकीय पदवीधर असतो आणि औषध देऊ शकतो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे असावी लागते. त्याचा नोंदणी क्रमांक विचारून पडताळता येतो. समुपदेशकाने मानसशास्त्राचे वा समाजकार्याचे शिक्षण घेतलेले असणे अपेक्षित असते. लाइफ कोच म्हणवून घेण्यासाठी मात्र आपल्या देशात कोणताही शासकीय परवाना लागत नाही. दोन दिवसांचे शिबिर करून आलेली व्यक्तीही ती पाटी लावू शकते.

म्हणून प्रशिक्षणाची चौकशी करणे आपल्याच हाती राहते. वर उल्लेखिलेल्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या प्रमाणपत्रांच्या तीन पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीसाठी किमान ६० तासांचे प्रशिक्षण आणि १०० तासांचा प्रत्यक्ष अनुभव, दुसरीसाठी १२५ तासांचे प्रशिक्षण आणि ५०० तासांचा अनुभव, तर सर्वोच्च पायरीसाठी २०० तासांचे प्रशिक्षण आणि २,५०० तासांचा अनुभव लागतो. प्रमाणपत्र असले म्हणजे ज्येष्ठांची जाण असतेच असे नाही. पण त्या व्यक्तीने काही मेहनत घेतली आहे, एवढे कळते.

पहिल्या भेटीत विचारावयाचे प्रश्न

१. आपले प्रशिक्षण कोठे व किती तासांचे झाले? प्रमाणपत्र पाहता येईल का?

२. साठीपुढील व्यक्तींबरोबर किंवा रुग्णसेवा करणाऱ्या कुटुंबीयांबरोबर किती काळ काम केले आहे?

३. माझी अडचण आपल्या आवाक्याबाहेरची वाटली तर आपण काय कराल? (‘डॉक्टरांकडे पाठवीन’ हे उत्तर स्पष्ट आले पाहिजे.)

४. माझे बोलणे कोणाला सांगाल? मुलगा शुल्क भरत असला, तर त्याला काय कळवाल?

५. एका बैठकीचे शुल्क किती? मध्येच थांबायचे ठरवल्यास आगाऊ भरलेल्या रकमेचे काय?

६. बैठक घरी, कार्यालयात की दृक्‌श्राव्य संपर्काने? मराठीतून बोलाल ना? मला कमी ऐकू येते, याची काय सोय?

७. लाभ झाला की नाही, हे आपण दोघे कसे ओळखू?

उत्तरांपेक्षा उत्तर देण्याची रीत अधिक बोलकी असते. ती व्यक्ती आपल्याशी बोलते की आपल्या मुलाकडे पाहून आपल्याविषयी बोलते? आपण अडखळलो तर थांबते की वाक्य स्वतःच पूर्ण करते? शक्य असल्यास दोन-तीन जणांना भेटून मगच ठरवावे. प्रारंभी चारच बैठका ठरवाव्यात आणि चौथीनंतर पुढे जायचे की थांबायचे हे पाहावे. शुल्क, वेळ व गोपनीयता यांविषयीचे साधे लेखी टिपण दोघांनीही जवळ ठेवावे. मानसिक आजाराच्या उपचारांसाठी शारीरिक आजाराप्रमाणेच विम्याची तरतूद असावी, असे २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा सांगतो. परंतु कोचिंग हा उपचार नव्हे, तेव्हा हा खर्च स्वतःचाच धरून चालावे.

या खुणा दिसल्यास थांबावे

चालू औषधे बंद करण्यास सांगणे. गुण येण्याची हमी देणे. वर्षभराचे शुल्क एकरकमी मागणे. चूर्ण, खडे, यंत्रे किंवा गुंतवणूक योजना विकणे. मृत्युपत्र, घर, बँकेतील वारसनोंद यांविषयी वाजवीपेक्षा अधिक रस घेणे. ‘मुलांना हे सांगू नका’ असे बजावणे. भ्रमणध्वनीवर आलेला सांकेतिक क्रमांक विचारणे. यांपैकी एकही खूण पुरेशी आहे. पैशाची ऑनलाइन फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर तत्काळ तक्रार करावी; शुल्क वा सेवेविषयी तक्रार असल्यास राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांक १९१५ आहे.

मुलांसाठी आणि सुनांसाठी

आई-बाबांसाठी परस्पर कोच ठरवून ‘उद्या अकराला फोन येईल’ असे कळवणे टाळावे. आयुष्यभर स्वतःचे निर्णय घेतलेल्या माणसाला त्यात आपण अक्षम ठरवले गेल्याचे दुःख होते, आणि पहिलीच बैठक नकाराने संपते. “बाबा, संध्याकाळ जड जाते असं तुम्ही म्हणाला होतात. कोणाशी बोलून पाहायचं का? नाव तुम्हीच ठरवा,” असे विचारता येते. ते नाही म्हणाले, तर तो नकार मान्य करावा आणि महिन्याभराने पुन्हा विचारावे. बैठकीत काय झाले हे खोदून विचारू नये. आणि कोचच्या शुल्काने आपल्या भेटीची जागा भरून निघत नाही, हेही मनाशी स्वच्छ ठेवावे.

कोच न नेमताही

प्रत्येकाला कोचची गरज असते असे मुळीच नाही. वस्तीतील ज्येष्ठ नागरिक संघात तेच अनुभव पचवलेली माणसे भेटतात, तीही विनाशुल्क. ज्येष्ठांसाठीच्या १४५६७ या राष्ट्रीय साहाय्य क्रमांकावर माहिती, मार्गदर्शन आणि भावनिक आधार मिळतो. जुना सहकारी, विश्वासू भाची, वाचनालयातील स्नेही यांपैकी कोणीही दर रविवारी अर्धा तास आपले ऐकून घेऊन ‘गेल्या आठवड्याचे ठरलेले झाले का?’ एवढे विचारीत असेल, तर आपल्याजवळ सारथी आहेच.

मार्गदर्शक नेमायचा असो वा नसो, आज एका कागदावर तीन ओळी लिहाव्यात : दिवसातील कोणती वेळ मला सर्वांत जड जाते, पूर्वी मला कशात आनंद वाटे, आणि पुढच्या आठवड्यात त्यातील कोणते लहानसे काम मी कोणत्या दिवशी, किती वाजता करीन. पहिल्या ओळीत झोप, भूक किंवा मरणाचे विचार यांचा उल्लेख आला, तर तो कागद घेऊन डॉक्टरांकडे जावे. तसे नसेल, तर तिसऱ्या ओळीतील दिवस दिनदर्शिकेवर नोंदवून ठेवावा, आणि घरातील कोणा एकाला तो दाखवावा.